गरम पाय, कडक धमन्या : एका केळी बागायतदाराचे प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात यावल तालुक्यातले ५८ वर्षांचे एक केळी बागायतदार उजव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम दाखवायला आमच्या दवाखान्यात आले. घरात आणि गावात त्यांना नाना म्हणतात. या टिपणाला तेवढे नाव पुरेसे आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मे महिन्यात ते कुटुंबासह सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीच्या दर्शनाला गेले होते. तिथे भर दुपारी तापलेल्या फरशीवरून ते अनवाणी चालले, आणि संध्याकाळी घरी पाय धुताना अंगठ्याच्या खालच्या बाजूला रुपयाएवढा फोड आल्याचे त्यांच्या पत्नीला दिसले. नानांना स्वतःला चटका बसल्याचे कळलेच नव्हते. फोड फुटला, हळद लावून झाली, मलम लावून झाले, गोळ्यांचा एक कोर्सही झाला. तरी महिनाभरात जखमेच्या कडा जवळ आल्या नाहीत.

सोबत आणलेल्या कागदांत चार महिन्यांपूर्वीच्या एका तपासणी शिबिराचा छापील अहवाल होता. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, असे गुणोत्तर त्यात उजवीकडे १.३२ आणि डावीकडे १.२९ दिले होते, आणि खाली 'पायांचा रक्तपुरवठा उत्तम' असा शेरा होता. हे गुणोत्तर १.०० ते १.४० असेल तर सर्वसाधारण मानतात, ०.९० च्या खाली गेले तर पायाकडच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजतात. त्या हिशेबाने शेरा नियमाला धरूनच होता. नानांचाही युक्तिवाद असाच सरळ होता. "पाय तं गरम आहे ना, डॉक्टरसाहेब, मंग रक्त जातच असीन." पाय खरोखर गरम होता, दुसऱ्या कोणाच्याही पायापेक्षा जरा जास्तच. यंत्राचा आकडा आणि हाताला लागणारी ऊब या दोन्हींनी आम्हाला जवळजवळ निश्चिंत केले होते, आणि दोन्ही गोष्टी फसव्या निघाल्या. दोन्हींच्या मुळाशी धमनीच्या भिंतीपर्यंत जाणारे मज्जातंतू होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

पूर्वीची हकिकत

नानांना मधुमेह होऊन १४ वर्षे आणि रक्तदाब वाढल्याचे निदान होऊन ११ वर्षे झाली होती. साखर कधी फारशी आटोक्यात नव्हती. आले त्या दिवशीची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ९.४ टक्के होती. तंबाखू-चुना दिवसातून आठ-दहा वेळा, विडी नाही, दारू नाही, मांसाहार नाही. जेवणात लोणचे, पापड आणि उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या असल्यामुळे मीठ भरपूर. हा सगळा भाग आमच्याकडच्या कोणत्याही मधुमेही शेतकऱ्याच्या केसपेपरवर सापडेल असा आहे.

झोपेची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही, आणि मीही ती दुसऱ्या भेटीत केली. शेतीपंपाला वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. केळीला पाण्याचा ताण सोसत नाही, त्यातून एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की एक पाळी चुकली तरी पानांवर दिसते. म्हणून रात्रीच्या पाळीच्या दिवसांत नाना अकराच्या सुमारास उठून विहिरीवर जात, मोटार सुरू करत, वीज गेली तर ती परत येईपर्यंत तिथेच बसून राहत, आणि पहाटे घरी येऊन दोन तास आडवे होत. हा क्रम वीस-बावीस वर्षे चालला. ठिबक आल्यावर पाणी वाचले, झोप काही वाचली नाही. ज्या रात्री वीज नसे त्या रात्रीही अकराला डोळा आपोआप उघडायचा, असे त्यांच्या पत्नीने सांगितले.

आणखी एक तक्रार त्यांनी स्वतःहून सांगितली नाही, मुलाने सांगितली. गेल्या दोन उन्हाळ्यांत बागेत खाली वाकून पील, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब, कापताना ते सरळ उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि एकदा तर ते सऱ्यांमध्ये कोसळले होते. घरच्यांनी त्याला ऊन लागणे म्हटले आणि कैरीचे पन्हे दिले. पन्ह्याने बरे वाटले यात नवल नाही, कारण त्यात पाणी आणि मीठ दोन्ही होते. ज्या बिघाडामुळे ते पडले त्यावर तेवढ्यापुरता हा उपाय बरोबरच होता. पण त्याच काळात, दुसऱ्या एका दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेला रक्तदाब दर भेटीत जास्त येत असल्यामुळे, गोळ्या एकावर एक वाढत गेल्या होत्या: आधी अॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग लघवी वाढवणारी गोळी, आणि शेवटी सकाळी प्राझोसिन. उभे करून रक्तदाब मोजल्याची नोंद अकरा वर्षांच्या कागदांत एकदाही नव्हती.

तपासणीत काय दिसले

आडवे असताना रक्तदाब १६८/७८ भरला. उभे राहिल्यावर एका मिनिटाने तो १३८/७० आणि तीन मिनिटांनी १२६/६८ होता. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. इथे वरचा आकडा ४२ ने घसरला होता. निरोगी माणसाचा रक्तदाब असा घसरू लागला की हृदयाचे ठोके ताबडतोब वाढतात. नानांचे ठोके आडवे असताना मिनिटाला ९८ होते आणि उभे राहिल्यावर १०१ झाले. मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावून हृदयाचा आलेख काढला, तेव्हा श्वास घेतानाचे आणि सोडतानाचे ठोके यांत फक्त ४ चा फरक आला. या चाचणीत १५ किंवा त्याहून जास्त फरक सर्वसाधारण समजतात आणि १० पर्यंतचा फरक सदोष. आलेखाची पट्टी घड्याळाच्या टिकटिकीसारखी एकसारखी दिसत होती, आणि ते चांगले लक्षण नसते.

दोन्ही पायांची कातडी कोरडी होती, टाचांना खोल भेगा होत्या, पाऊल उबदार होते आणि पावलावरच्या शिरा झोपलेल्या अवस्थेतही फुगलेल्या दिसत होत्या. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला, त्यांपैकी आठ ठिकाणी त्यांना कळला नाही. १२८ हर्ट्झच्या नादकाट्याची कंपने घोट्यापर्यंत जाणवली नाहीत. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या बारा वर्षे चालू होत्या आणि त्यातून शाकाहार, म्हणून बी-१२ जीवनसत्त्व तपासले. ते बरेच कमी निघाले. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडे जास्त, होते.

मग घोट्याचा रक्तदाब शिबिरातल्यासारखा स्वयंचलित यंत्रावर न घेता, हाताने पट्टा फुगवून आणि डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्राने, धमनीचा आवाज ऐकत पुन्हा मोजला. डावीकडे तो २४२ भरला, म्हणजे गुणोत्तर १.४४. उजवीकडे पट्टा २५० पर्यंत फुगवला तरी आवाज बंद होईना. पायात इतका दाब असणे शक्य नव्हते. धमनीच दाबली जात नव्हती. पायाचा साधा एक्स-रे काढला तेव्हा कारण डोळ्यांना दिसले. घोट्यापासून पहिल्या दोन बोटांमधल्या जागेपर्यंत धमनीच्या दोन्ही कडा चुन्याच्या, म्हणजे भिंतीत साचलेल्या कॅल्शियमच्या, पांढऱ्या रेषांनी आखलेल्या होत्या. नानांच्या मुलाने एक्स-रे उजेडाला धरून पाहिला आणि "हे तं भुसावळचे रूळ दिसतात" असे म्हटले. क्ष-किरण तज्ज्ञही या चित्राला रुळांचीच उपमा देतात.

अंगठ्याच्या बारीक धमन्यांत हा चुना सहसा उतरत नाही, म्हणून अशा रुग्णात अंगठ्याचा दाब विश्वासार्ह ठरतो. तो उजवीकडे ३८ आणि डावीकडे ६१ होता. दंडाच्या दाबाशी त्याचे गुणोत्तर ०.७० च्या वर असावे लागते. नानांचे उजवीकडे ०.२३ आणि डावीकडे ०.३६ होते. ज्या पायाचा रक्तपुरवठा कागदावर उत्तम होता, त्या पायाच्या टोकाला जखम भरून काढण्याइतके रक्त पोहोचत नव्हते.

भिंतीपर्यंत पोहोचणारे तंतू

धमनी म्हणजे नळी, आणि मधुमेहात व चरबीमुळे नळीत गाळ साचतो, हे चित्र रुग्णांना समजावताना आम्ही सगळेच वापरतो. ते सोपे आहे, पण नानांचे प्रकरण त्यात बसत नाही, कारण नळीची भिंत निर्जीव असते आणि धमनीची भिंत जिवंत. तिला तीन थर आहेत. आतल्या थरावर पेशींचा एकेरी अस्तर असतो, मधल्या थरात स्नायुपेशी आणि लवचिक तंतू असतात, आणि बाहेरच्या थरात भिंतीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांबरोबरच मज्जातंतूंचे जाळे असते. यांतले बरेचसे तंतू अनुकंपी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत सिम्पथेटिक, मज्जासंस्थेचे असतात. त्यांच्यावर मण्यांसारखे फुगवटे असतात आणि बाहेरच्या व मधल्या थराच्या सीमेवर हे फुगवटे नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन सोडतात. ते मधल्या थरातल्या स्नायुपेशींवर जाऊन बसले की पेशी आकुंचन पावतात आणि धमनी अरुंद होते. नॉरअॅड्रेनॅलिन हाच या तंतूंचा निरोप्या आहे हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले, आणि त्यासाठी १९७० च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

आतल्या बाजूने अस्तराच्या पेशी नेमके उलटे काम करतात. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये असे दाखवले की अस्तर शाबूत असेल तरच अॅसिटिलकोलिन या रसायनाने धमनी सैल पडते. अस्तर खरवडले गेले तर ती सैल पडत नाही. अस्तरातून निघणारा तो सैल करणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला, आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळाले. नायट्रिक ऑक्साइड धमनी सैल तर ठेवतेच, शिवाय ते पांढऱ्या पेशींना अस्तराला चिकटू देत नाही आणि स्नायुपेशींची फाजील वाढ रोखते. थोडक्यात, धमनीची भिंत बाहेरून मज्जातंतूंच्या आणि आतून अस्तराच्या ओढीत दिवसरात्र उभी असते, आणि ही ओढ वर्षानुवर्षे एकाच बाजूला झुकली तर भिंतीचा पोतच बदलतो.

नानांच्या बाबतीत आधीची पंधरा-वीस वर्षे ही ओढ बाहेरच्या बाजूला झुकलेली असावी. झोपेत अनुकंपी मज्जासंस्था मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो; भिंतीला ताणातून मिळणारी ही रोजची सुट्टी आहे. मध्यरात्री उठून मोटारीपाशी बसणाऱ्याला ती मिळत नाही. तंबाखूतले निकोटिन प्रत्येक चिमटीबरोबर तंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून याच जातीची रसायने बाहेर काढते. नॉरअॅड्रेनॅलिनचा मारा सतत राहिला तर मधल्या थरातल्या स्नायुपेशी आकुंचन तर पावतातच, त्याशिवाय त्या जाड होतात आणि भिंतीत चिवट तंतू वाढतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे.

मनावरचा भार भिंतीपर्यंत कसा पोहोचतो, याचाही एक मार्ग आता बराच स्पष्ट झाला आहे. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९३ जणांच्या अभ्यासात, मेंदूतल्या अमिग्डला या भीती आणि ताणाशी निगडित भागाची सक्रियता ज्यांच्यात जास्त होती, त्यांच्या अस्थिमज्जेची सक्रियता आणि धमन्यांचा दाहही जास्त आढळला, आणि पुढच्या काही वर्षांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रसंगही त्यांच्यात अधिक घडले. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी याहून पुढची गोष्ट मांडली. उंदरांच्या धमनीत चरबीचा थर साचला की त्या जागेच्या बाहेरच्या थरात दाहपेशी गोळा होतात आणि तिथे मज्जातंतूंचे जाळेही दाट होते. ते तंतू मेंदूपर्यंत निरोप नेतात आणि मेंदूकडून आणतात. पोटातल्या सिलिअक या मज्जातंतूंच्या गाठीतून येणारे तंतू तोडले तेव्हा उंदरांच्या पोटातल्या महाधमनीचा रोग मंदावला. उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि केळीचा भाव एका रात्रीत पडला म्हणून नानांच्या धमनीत अमुक इतका चुना साचला असे म्हणणे तर हास्यास्पद होईल. तरीही धमनीचा बाहेरचा थर ही मेंदूशी बोलणारी जागा आहे, एवढे यातून पक्के झाले.

आधी लगाम तुटतो

इथे एक शंका येते, आणि ती मला स्वतःला बरेच दिवस होती. अनुकंपी मज्जासंस्था जास्त चालत असेल तर उभे राहिल्यावर रक्तदाब घसरायचे कारण काय? रक्तदाब सावरून धरणे हे तर तिचेच काम. एकाच माणसात ती जास्तही आणि कमीही कशी?

उत्तर तंतूंच्या लांबीत आहे. मधुमेहाने मज्जातंतू खराब होतात ते लांब तंतूंपासून सुरुवात करून, म्हणूनच बधिरपणा आधी पावलांना येतो आणि हातांना मागाहून. स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, मज्जासंस्थेतला सर्वांत लांब तंतू म्हणजे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस. हृदयाचा लगाम तीच धरते. ती आधी कमजोर झाली म्हणून नानांचे ठोके विश्रांतीतही ९८ वर अडकले होते आणि श्वासाबरोबर हलत नव्हते. पावलांकडे जाणारे लांब अनुकंपी तंतूही त्याच सुमारास मेले. पण छातीतले आणि धडातले आखूड अनुकंपी तंतू त्या मानाने टिकून राहिले, आणि लगाम सुटल्यामुळे त्यांचा जोर अधिकच जाणवू लागला. वरच्या अंगाला ओढ जास्त आणि खालच्या अंगाला ओढच नाही, अशी ही विभागणी आहे.

उभे राहिल्यावर जे रक्त पोटात आणि पायांत उतरते ते वर ढकलण्यासाठी नेमक्या खालच्या तंतूंची गरज असते. ते नसल्यामुळे दाब घसरतो. त्यात मेचे ऊन कातडीच्या रक्तवाहिन्या आणखी पसरवते, घामाने पाणी कमी होते, आणि सकाळी घेतलेली प्राझोसिनची गोळी उरलेल्या तंतूंच्या निरोपालाही आडकाठी करते. बागेत कोसळायला एवढे पुरेसे होते. आडवे झाल्यावर मात्र तेच रक्त परत येते आणि ते सावरणारी यंत्रणा नसल्यामुळे दाब चढतो. चोवीस तासांच्या रक्तदाबाच्या नोंदीत नानांची दिवसाची सरासरी १४२/७६ आणि रात्रीची १५८/८२ आली. रात्रीचा आकडा १२०/७० च्या आत हवा. त्यांची रात्र दिवसापेक्षा वाईट होती आणि दवाखान्यात कोणी रात्री जात नाही.

रक्तदाबाची खबर मेंदूला देणारे संवेदक मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फुगवट्यात आणि महाधमनीच्या कमानीत असतात. त्यांना कळतो तो भिंतीचा ताण. भिंत कडक झाली की तेवढ्याच दाबाने ती कमी ताणली जाते, मेंदूला वाटते की दाब पुरेसा नाही, आणि तो अनुकंपी तंतूंना आणखी जोर लावायला सांगतो. त्या जोराने भिंत आणखी कडक होते. महाधमनी किती कडक झाली आहे हे नाडीच्या लहरीचा वेग मोजून सांगता येते. सेकंदाला १० मीटरच्या वरचा वेग धोक्याचा मानतात. ते यंत्र आमच्याकडे नाही. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांत ९० चे अंतर पडले असेल, तर अंदाजाला फारशी अडचण पडत नाही.

गरम पायाचा अर्थ

१८५१ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी तंतू एका बाजूने कापला आणि त्या बाजूचा कान गरम आणि लाल झाला. नानांचा पाय म्हणजे त्या सशाचा कानच होता, फक्त तंतू कापण्याचे काम इथे मधुमेहाने केले. तळव्यात आणि बोटांत धमनीतून थेट शिरेत जाणाऱ्या आडवाटा असतात, आणि अनुकंपी तंतू त्या एरवी आवळून धरतात. तंतू मेले की आडवाटा उघड्या राहतात. रक्त त्यांतून धावते, कातडी गरम लागते, शिरा फुगतात. पण केशवाहिन्यांना वळसा घालून गेलेले हे रक्त पेशींच्या उपयोगी पडत नाही. घाम आणणारे तंतूही गेल्यामुळे कातडी कोरडी पडते आणि भेगाळते. उबेवरून रक्तपुरवठ्याची खात्री करून घेणे म्हणूनच मधुमेही पायात धोक्याचे आहे.

आता चुन्याकडे येऊ. मधल्या थरात साचणाऱ्या या चुन्याचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मंकेबेर्ग यांनी १९०३ मध्ये केले. आतल्या थरात चरबी साचते त्याहून हा प्रकार वेगळा आहे. एकट्याने तो धमनी बंद करत नाही, पण तिला पाइपसारखी कडक करतो. मज्जातंतूंशी त्याचा संबंध दाखवणारे मला सर्वांत बोलके वाटणारे निरीक्षण १९८३ चे आहे. पायाचा रक्तपुरवठा सुधारावा म्हणून कमरेच्या अनुकंपी गाठी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया त्या काळी बरीच होत असे. अशा ६० रुग्णांचे एक्स-रे जर्मन डॉक्टरांनी नंतर पाहिले, तेव्हा बहुतेकांच्या पायांच्या धमन्यांत मधल्या थराचा चुना आढळला, मधुमेह नसलेल्यांतही. आणि ज्यांची एकाच बाजूची गाठ काढली होती, त्यांच्यात शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला तो कितीतरी अधिक होता. शरीर तेच, साखर तीच, वय तेच. फरक फक्त तंतूंचा. स्नायुपेशीला तंतूंकडून निरोप येणे बंद झाले की ती आपले आकुंचनाचे काम सोडते आणि हाड बनवणाऱ्या पेशीसारखी वागू लागते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. या बदलाचे टप्पे अजून तपासले जात आहेत.

नानांच्या पायातला सगळा चुना तंतू मेल्यामुळेच साचला असे मी म्हणणार नाही. वाढलेली साखर, मंदावलेले मूत्रपिंड आणि वय या तिन्हींनी असा चुना साचतो, आणि एका रुग्णात कोणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. उजवा पाय डाव्यापेक्षा इतका वाईट का, याला तर मज्जातंतूंचे काहीच कारण देता येत नाही. तिथे आतल्या थरातली चरबी एका बाजूला जास्त साचली एवढेच खरे, आणि तंबाखूने तिला हातभार लावला.

पुढे काय केले

पहिल्याच दिवशी प्राझोसिन बंद केले आणि लघवीची गोळी उन्हाळ्यापुरती थांबवली. नानांचा याला विरोध होता, कारण बीपी जास्त असताना गोळी कमी करणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता. उभे राहून घेतलेला आकडा त्यांनाच यंत्रावर वाचायला लावला तेव्हा ते कबूल झाले. टेल्मिसार्टनऐवजी रात्री झोपताना लोसार्टन दिले, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू नऊ इंच वर उचलायला सांगितली, म्हणजे रात्रीचा चढ थोडा कमी होतो. सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी प्यायचे आणि मग काही वेळ पलंगाच्या कडेला बसायचे. बी-१२ ची इंजेक्शने, रक्तातली चरबी कमी करणारे स्टॅटिन आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल सुरू केले, आणि साखरेसाठी इन्सुलिन.

जखमेसाठी त्यांना मोठ्या शहरातल्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकाकडे पाठवले. अँजिओग्राफीत मांडीची आणि गुडघ्यामागची धमनी बरी मोकळी होती. नडगीच्या पुढची धमनी बऱ्याच लांबीवर बंद आणि मागची ठिकठिकाणी अरुंद होती. फुग्याने पुढची धमनी पावलापर्यंत मोकळी करण्यात आली. अंगठ्याचा दाब ३८ वरून ५७ झाला. दरम्यान अंगठ्याच्या टोकाच्या हाडात जंतुसंसर्ग उतरला होता, तेवढा भाग काढावा लागला. तळव्यावर भार येणार नाही असा बूट घालून चौदा आठवड्यांत जखम भरली.

रात्रीच्या पाण्याचा प्रश्न औषधांपेक्षा अवघड होता. मुलाने विहिरीवर मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवला. मोटार घरून सुरू होऊ लागली तरी पहिले दोन महिने नाना अकराला उठून, ती खरोखर चालू झाली का हे पाहायला जात. नंतर ते थांबले. तंबाखू पाच महिने पूर्ण सुटली होती, पुतणीच्या लग्नात पुन्हा सुरू झाली, आणि आता दिवसाला दोन चिमटींवर आहे.

वर्षानंतरच्या चोवीस तासांच्या नोंदीत दिवसाची सरासरी १३६/७४ आणि रात्रीची १३९/७६ होती. रात्रीचा आकडा अजूनही हवा तितका खाली नाही. उभे राहिल्यावरची घसरण ४२ वरून २२ वर आली, ती मुख्यतः गोळ्या बदलल्यामुळे. खोल श्वासाच्या चाचणीतला फरक ४ चा तो ४ च राहिला. मेलेले तंतू परत आलेले नाहीत आणि एक्स-रेमधले रूळही तिथेच आहेत. डावा पाय उजव्याइतकाच गरम लागतो, त्यावर अजून जखम झालेली नाही, आणि दर तीन महिन्यांनी त्याच्या अंगठ्याचा दाब आम्ही मोजतो. शेवटच्या भेटीत तो ६१ वरून ५८ वर आला होता.